एका गुळगुळीत शब्दाविषयी

इंग्रजी न शिकलेल्या माणसालाही ठाऊक असलेल्या इंग्रजी शब्दांची यादी केली, तर ‘थँक्यू’ आणि ‘सॉरी’ यांच्या मागोमाग ‘नाइस’चा क्रमांक लागावा. नवी साडी नाइस, हवा नाइस, चहा नाइस, शेजाऱ्यांची सून नाइस. वर साखर भुरभुरलेले, खोबऱ्याच्या वासाचे एक बिस्किट असते, तेही नाइसच. या शब्दाचा अर्थ काय असे विचारले, तर पाचवीतला पोरगाही ‘छान’ म्हणून मोकळा होईल आणि त्याचे उत्तर चुकले असे कोणी म्हणणार नाही. मग एवढ्या सरळ शब्दावर दिवाळी अंकाची पाने खर्ची घालण्याचे कारण काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. कारण इतकेच की, या शब्दाची कुळकथा एखाद्या कादंबरीला लाजवील अशी आहे. आणि ती वाचताना, पुस्तकांवर अभिप्राय लिहिण्याचा उद्योग करणाऱ्या माझ्यासारख्याला आपल्या धंद्याविषयी काही अवघड प्रश्न पडतात.

मूळ शब्द लॅटिन. ‘नेसिउस’. त्यातला ‘ने’ म्हणजे न, आणि पुढचा भाग ‘जाणणे’ या अर्थाच्या धातूचा. जो जाणत नाही तो नेसिउस. मराठी वाचकाला हे फोड करून सांगण्याची वास्तविक गरजच नाही, कारण अगदी याच घडणीचा शब्द आपल्याकडे शतकानुशतके नांदतो आहे: नेणता. धातू निराळा, सांधा तोच. लॅटिनमधला हा नेणता फ्रेंच भाषेत गेला तो मूर्ख होऊन, आणि तेराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत उतरला तोही मूर्ख म्हणूनच. इ. स. १४०० मध्ये वारलेला कवी चॉसर एखाद्याला या शब्दाने संबोधतो, तेव्हा तो त्याची स्तुती करीत नसून त्याला वेडगळ ठरवीत असतो. (उच्चारही त्या काळी ‘नीस’च्या जवळपास होता.) मराठीतला नेणता मात्र दुसऱ्या वाटेने गेला. ‘नेणते लेकरू’ म्हणताना आपल्या आवाजात दोष नसतो, माया असते. आणि आमच्या संतांनी तर देवाच्या दारात नेणतेपणच मिरवले.

आता मूर्खाचा ‘छान’ कसा झाला? कोशकारांनी जी साखळी लावली आहे ती अशी. मूर्ख माणूस बुजरा असतो, म्हणून नाइस म्हणजे बुजरा. बुजरेपणा फार झाला की त्याला नखऱ्याचे रूप येते. सासरी आलेल्या नव्या नवरीसारखे हे नको, ते नको सुरू होते. म्हणून नाइस म्हणजे चोखंदळ. चोखंदळाला जे रुचते ते नाजूक. नाजूक गोष्ट हाताळायची तर हात आणि नजर काटेकोर हवी, म्हणून नाइस म्हणजे काटेकोर, सूक्ष्म, नेमका. आणि जे नेमके, नीटनेटके असते ते आपल्याला आवडते; म्हणून अखेर नाइस म्हणजे आवडणारे. हा शेवटचा अर्थ अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. सुस्वभावी, दुसऱ्याला जपणारा, हा अर्थ त्याहून धाकटा, एकोणिसाव्या शतकातला.

ही साखळी मी जरा सोपी करून मांडली आहे. प्रत्यक्षात हे अर्थ रांगेने आले आणि रांगेने गेले असे झाले नाही. भाऊबंदांसारखे ते एकाच घरात दोन-दोनशे वर्षे राहिले, आणि दार ठोठावल्यावर कोण बाहेर येईल याचा भरवसा नव्हता. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या पुष्कळ वाक्यांत लेखकाला यांपैकी कोणता अर्थ अभिप्रेत होता, हे ऑक्सफर्डच्या कोशकारांनाही खात्रीने सांगता येत नाही.

‘रोमिओ अँड ज्युलिएट’च्या शेवटच्या अंकातला प्रसंग घ्या. ज्युलिएट मेलेली नाही, नुसती निद्रिस्त आहे, हे कळवणारे पत्र रोमिओकडे धाडलेले असते. रोगाच्या साथीच्या संशयाने पत्र नेणारा वाटेतच अडकतो, पत्र पोचत नाही, आणि पुढचा सारा अनर्थ त्यातून होतो. हे समजल्यावर फ्रायर लॉरेन्स घाबरून म्हणतो की, ते पत्र ‘नाइस’ नव्हते. आजच्या विद्यार्थ्याला वाटेल, पत्रातला मजकूर गोड नव्हता असे बिचाऱ्याला म्हणायचे आहे. वस्तुतः त्याला म्हणायचे आहे ते असे की, ते काही क्षुल्लक पत्र नव्हते! दोन जीव ज्या कागदावर टांगलेले होते त्याच्याविषयीचे हे वाक्य. कोशाने येथे हात दिला नाही, तर शोकांतिकेतला एक ठोका वाचकाच्या कानी पडतच नाही.

डॉक्टर जॉन्सनचा प्रसिद्ध कोश १७५५ सालचा. त्यात या शब्दाखाली मुख्यत्वे काटेकोर, सूक्ष्म, चोखंदळ, नाजूक हे अर्थ दिलेले दिसतात. आणि त्यानंतर पुरती सत्तर वर्षेही झाली नाहीत तोच जेन ऑस्टिनची ‘नॉर्थँगर ॲबी’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. लिहिली होती आधीच, बाहेर आली ती लेखिकेच्या मृत्यूनंतर, १८१७ च्या डिसेंबरात. तिच्यात या एका शब्दावर झडलेली चकमक आहे. इंग्रजी कादंबरीत शब्दार्थावरून झालेली इतकी रंगतदार भांडणे थोडीच असतील.

बाथ शहराजवळच्या टेकडीवर तिघे जण फिरायला निघाले आहेत. सतरा वर्षांची कॅथरीन, तिला मनातून आवडणारा हेन्री टिल्नी, आणि त्याची बहीण एलिनॉर. कॅथरीन रॅडक्लिफबाईंच्या ‘उडोल्फो’ या भयकथेने, म्हणजे १७९४ सालच्या त्या काळच्या गाजलेल्या कादंबरीने, झपाटलेली आहे. ती भाबडेपणाने विचारते की, जगातले सर्वांत नाइस पुस्तक तेच नाही का? हेन्री शब्द पकडतो. नाइस म्हणजे नीटनेटके ना? मग ते बांधणीवर अवलंबून! बहीण मध्ये पडून कॅथरीनला सावध करते की, हा असाच माझाही छळ करतो. लवकर शब्द बदल, नाही तर उरलेली सगळी वाट जॉन्सन आणि ब्लेअर यांचा मारा सोसावा लागेल. त्यावर कॅथरीन म्हणते, मला काही वावगे म्हणायचे नव्हते. पण पुस्तक नाइस आहे, मग मी तसे का म्हणू नये? हेन्रीला तेवढेच हवे असते. आजचा दिवसही नाइस, आपले फिरणेही नाइस, तुम्ही दोघी मुलीही नाइस, अशी तो शब्दाची खिरापत वाटतो आणि मग व्याख्यान देतो: पूर्वी हा शब्द पोशाखातल्या, विचारांतल्या, निवडीतल्या टापटिपीला आणि नाजूक जाणिवेला लावीत, आता कशाचीही स्तुती करायची झाली की हा एकच शब्द.

इंग्रजीच्या शिक्षकांनी पुढे या हेन्रीचेच शिष्यत्व पत्करले. निबंधात ‘नाइस’ लिहू नका, असा दंडक त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलांना घातला. मला स्वतःला हेन्री आवडतो. परंतु त्याच्या व्याख्यानात एक गंमत आहे, आणि ती ऑस्टिनबाईंना ठाऊक होती की नव्हती याचा विचार करीत बसण्यात मजा आहे. ‘पूर्वी’ म्हणताना हेन्री किती मागे जातो? जॉन्सनपर्यंत. त्याच्या वडिलांच्या, आजोबांच्या पिढीपर्यंत. त्याच्याही मागे चारशे वर्षे तो शब्द मूर्ख या अर्थाने नांदत होता, याचा त्याच्या बोलण्यात मागमूस नाही. भाषेच्या शुद्धतेचा पहारेकरी बहुधा असाच असतो. आपल्या लहानपणी भाषा जिथे होती तेच तिचे मूळ गाव, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. मराठीतही हे पहारेकरी आपल्याला नित्य भेटतात, आणि त्यांच्यातले बरेचसे ज्या शब्दांसाठी लढतात ते फारसीतून आलेले असतात.

नाइस वर चढला, त्याच सुमारास दुसरा एक शब्द त्याच जिन्याने खाली उतरत होता. ‘सिली’ म्हणजे आज मूर्ख, खुळचट. क्रिकेटमध्ये फलंदाजाच्या नाकासमोर उभा राहतो त्याची जागा ‘सिली पॉइंट’. पण जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ होता धन्य, सुखी, देवाची कृपा झालेला. त्याचा जर्मन भाऊ ‘झेलिग’ अजूनही धन्यच आहे. इंग्लंडातला मात्र धन्याचा निष्पाप झाला, निष्पापाचा बिचारा, बिचाऱ्याचा दुबळा आणि दुबळ्याचा मूर्ख. मूर्ख छान झाला आणि धन्य मूर्ख झाला! नीतिशास्त्रावर प्रवचन करायला हा मासला उत्तम आहे, पण तो मोह मी आवरतो. कारण आपल्याकडेही काही कमी उलथापालथ झालेली नाही. संस्कृतात ‘राग’ म्हणजे रंग, प्रेम. मराठीत तो थेट क्रोध झाला. ‘शिक्षा’ म्हणजे शिकवण. हिंदीने ती तशीच ठेवली, आपण तिच्या हाती छडी दिली. ‘चेष्टा’ म्हणजे हालचाल, प्रयत्न. मराठीत ती थट्टा झाली. ‘साहस’ हा धर्मशास्त्रात दंडनीय अपराध होता. आज त्याबद्दल पदके मिळतात.

परंतु नाइसचा खरा मराठी जुळा भाऊ यांपैकी कोणी नाही. तो आहे ‘बरा’. ‘वर’ म्हणजे श्रेष्ठ, निवडलेला. त्यापासून बरा आणि बरवा. जुन्या मराठीत बरवे म्हणजे सुंदर, उत्तम, ज्याच्यापुढे काही नाही असे. आज एखाद्या गृहिणीला ‘भाजी बरी झाली आहे’ असे सांगून पाहावे! दुसऱ्या दिवशी तीच भाजी ताटात पडणार नाही, एवढे निश्चित. ‘मुलगा बरा आहे’ यावर लग्ने मोडतात. हाच शब्द आजारी माणसाला मात्र केवढा मोलाचा: ‘बरा झाला’ यात आजही सारे आरोग्य मावते. ‘बरे झाले’ यात समाधान, ‘बऱ्या बोलाने’ यात धमकी, ‘बरं का’ यात काहीच नाही, नुसता समोरच्याचा हात धरल्याचा भास. स्तुतीच्या शब्दांना घरघर लागते ती अशी. ज्याच्या त्याच्या तोंडी पडून त्यांची झळाळी उतरते, मग त्यांच्या जागी नवा शब्द आणावा लागतो. बरा गेला, चांगला आला. चांगला पुरेना, छान आला. छान पुरेना तेव्हा अप्रतिम, भन्नाट, कमाल. उपरोधानेही त्यांची झीज होते. इंग्रज नुकसान पाहून नाइसच म्हणतो, आणि आपण ऐन दिवाळीत पोराच्या प्रगतिपुस्तकाकडे पाहून ‘छान दिवे लावलेस!’ म्हणतोच की.

येथे कोणी म्हणेल, शब्द झिजला तर समानार्थी दुसरा घ्यावा. त्यासाठीच तर कोश आहेत. पीटर मार्क रॉजे नावाच्या डॉक्टराने हेच मनावर घेतले. व्यवसायाने वैद्य, रॉयल सोसायटीचा चिटणीस, स्वभावाने याद्या करणारा. १८०५ साली त्याने स्वतःपुरती शब्दांची एक वही केली, आणि १८५२ साली, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, तिचा वाढवलेला अवतार ‘थिसॉरस’ म्हणून छापला. अकारविल्हे शब्द आणि अर्थ, अशी त्याची रचना नाही. कल्पना आधी, आणि प्रत्येक कल्पनेखाली तिच्याजवळचे शब्द. आपल्याला यात नवल वाटू नये. अमरसिंहाने हेच केले होते; स्वर्ग, भूमी आणि सामान्य अशी कांडे पाडून शब्दांची कुटुंबे एकेका घरात बसवली होती. आणि रॉजेने आपल्या प्रस्तावनेत पूर्वसूरी म्हणून अमरकोशाचा उल्लेखही केला आहे. १८०८ साली श्रीरामपूरला छापलेले कोलब्रुकचे भाषांतर त्याला ठाऊक होते.

रॉजेच्या सूचीत नाइस हा शब्द काढला, तर तो एका घरी सापडत नाही. चवीच्या घरी आहे, अचूकपणाच्या घरी आहे, आवडीच्या घरी आहे, चोखंदळांच्या घरीही आहे. प्रत्येक घरातल्या शेजाऱ्यांकडे पाहिले की ध्यानात येते: यांतला एकही शब्द दुसऱ्याच्या जागी पुरता बसत नाही. काटेकोर माणूस चोखंदळ असेलच असे नाही. हिशेब काटेकोर असतो, चोखंदळ नसतो. चोखंदळ आणि चिकित्सक यांत अंतर आहे. नाजूक वेगळा, कोमल वेगळा. प्रश्न नाजूक असतो, कोमल कधीच नसतो. शाळेत आपण पाणी, जल, नीर, तोय, उदक अशी माळ पाठ केली. पण उदक सोडतात, नळाला पाणी येते, आणि तहानलेल्या पाहुण्यापुढे कोणी नीर ठेवीत नाही. समानार्थी शब्द ही परीक्षेच्या सोयीसाठी काढलेली कल्पना आहे, असे माझे मत झाले आहे. मोल्सवर्थने आरंभलेला आणि मेजर कँडीने पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली निघाला; तो उघडला की एकेका इंग्रजी शब्दासमोर मराठी शब्दांची जी रांग दिसते, तिचे मोल मला याच कारणाने वाटते. ती रांग म्हणजे ‘यांतला कोणताही घ्या’ अशी मुभा नव्हे. ‘आता तुम्ही निवडा’ अशी ती ताकीद आहे.

ही निवड आज आपल्याकडे सर्वांत चोख कोण करते? टीकाकार करतात असे म्हणायला जीभ रेटत नाही. वर्षभराची पुस्तक-परीक्षणे काढून पाहावीत: ‘सुंदर कथासंग्रह’, ‘छान जमलेली व्यक्तिचित्रे’, ‘वाचनीय’. वाचता येते म्हणून वाचनीय! आता स्वयंपाकघरात जा. तिथे चकली खुसखुशीत असते, नाही तर मऊ पडलेली असते, कडक झालेली असते, तेलात विरघळलेली असते. अनारशाला जाळी पडते किंवा तो हसतो. लाडू रवाळ होतो, नाही तर पाक पुढे गेला म्हणून दगड होतो. आणि तो पाक एकतारी, दोनतारी, गोळीबंद यांपैकी कोणता होता, हे बोटांच्या चिमटीत धरून सांगता येते. कोणी आजी दुसरीच्या शंकरपाळ्याचा तुकडा मोडून ‘मोहन कमी पडलं’ एवढेच म्हणते. गुण, दोष आणि दोषाचे कारण, सारे तीन शब्दांत. इंग्रजीतल्या नाइसचा हरवलेला अर्थ, म्हणजे सूक्ष्म पारख, शाबूत आहे तो इथे. आमच्या परीक्षणांत ‘मोहन कमी पडले’ असे वाक्य मी किती वर्षांत वाचलेले नाही!

असे असूनही, टेकडीवरच्या त्या भांडणात मी कॅथरीनच्या बाजूचा आहे. तिने विचारलेला साधा प्रश्न, पुस्तक नाइस आहे तर मी तसे का म्हणू नये, हा हेन्रीच्या विद्वत्तेने खोडून निघत नाही. फराळाला आलेल्या शेजारणीने ‘छान झालंय हो सगळं’ म्हटले, तर ती परीक्षण लिहीत नसते. ती घरातल्यांच्या चार रात्रींच्या जागरणाची पोच देत असते. तिला ‘छान म्हणजे नेमके काय?’ असे विचारणारा माणूस भाषाप्रेमी असेल, पण त्याला पुन्हा फराळाला बोलावू नये. कॅथरीनही आवडत्या माणसाला आपल्या आवडीत सामील करून घेऊ पाहत होती. तिथे शब्द झिजलेला असला तरी चालतो. मोबदला घेऊन, आपले नाव खाली घालून, दुसऱ्याच्या दोन वर्षांच्या मेहनतीवर ‘छान’ लिहिणाराला मात्र ही सवलत नाही.

हा प्रसंग मराठीत आणायचा कसा, यावर मी पुष्कळ डोके खाजवले आहे. ‘छान’ घेतला तर हेन्रीची बांधणीवरची कोटी मरते. छान या शब्दाला मागचा अर्थच दिसत नाही. ‘नीटनेटके’ घेतला तर कॅथरीन तसे म्हणेलच कशाला? दोन्ही अर्थ ज्याच्या पोटात आहेत असा एक शब्द शेवटी सापडला: सुरेख. सु आणि रेखा. ज्याच्या रेघा चांगल्या ते सुरेख. आज आपण जेवण सुरेख म्हणतो, गाणे सुरेख म्हणतो, आणि त्यातली रेघ साफ विसरलेलो असतो. ‘जगातलं सगळ्यांत सुरेख पुस्तक तेच, नाही?’ असे कॅथरीनने म्हणावे, आणि हेन्रीने उत्तर द्यावे, ‘सुरेख? ते छापणाऱ्यावर अवलंबून!’ कोटी जिवंत राहते. पुढे दिवस सुरेख, फिरणे सुरेख, मुली सुरेख, हेही सुरळीत जाते.

अडते ते पुढच्याच वाक्यापाशी. भावाचे व्याख्यान ऐकून एलिनॉर त्याच शब्दाने त्याच्यावर वार करते: हे विशेषण खरे तर तुलाच लावायला हवे, आणि तेही स्तुती म्हणून नव्हे, कारण तुझ्यात शहाणपणापेक्षा ‘नाइस’पणा, म्हणजे नसता चोखंदळपणा, जास्त. इथे सुरेख मान टाकतो. ‘साजूक’ घालून पाहिला. तुपाचा साजूक आणि स्वभावाचा साजूक यांत अर्थाची तीच जोडी आहे, पण कोणती मुलगी पुस्तकाला साजूक म्हणेल? ‘दीडशहाणा’ घातला तर टोला सणसणीत बसतो आणि बहिणीच्या तोंडी शोभतोही, फक्त मघाच्या शब्दाशी त्याचे नाते उरत नाही. तूर्त मी दीडशहाण्यावरच थांबलो आहे. कोणा वाचकाला याहून सरस शब्द सुचला, तर त्याने तो संपादकांच्या पत्त्यावर अवश्य कळवावा.